त्या मैदानात सांज होत नव्हती

मी एक जुनी हार्डडिस्क आहे. तळहातावर मावते, पण उचलून बघाल तर हाताला वजन लागेल. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिलं नसेल. मी कॉम्प्युटरच्या पोटात राहते, आणि पोटातल्या वस्तूची आठवण माणसाला दुखायला लागल्यावरच होते. मित्रांनो, माझी गोष्ट जरा अंगावर काटा आणणारी आहे. ऐकायची नसेल त्यांनी आत्ताच उठावं, मधूनच उठलेलं मला आवडत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जे लिहिलं जातं ते ठेवायचं आणि जे मागितलं जातं ते द्यायचं, एवढंच मला ठाऊक. म्हणूनच सिंदेवाहीत जे घडलं ते मला आजही नीट उमगलेलं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसं डोळ्यांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत आणि धुळीचा एक कण दिसला तरी सगळ्यांचे चेहरे उतरत. माझ्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक सुई न टेकता फिरते. ती टेकली की माझं आयुष्य संपलं. अशी नाजूक मी, आणि नशिबात काय आलं? नागपूरच्या बाजारातून मला विकत घेऊन नईम सिंदेवाहीला आला. तिथे एसटी स्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटरवरच्या खेळांचं दुकान होतं आणि दुकानामागे भाताच्या दोन गिरण्या. त्यांचा कोंडा दिवसभर उडायचा आणि टेबलावर, पडद्यावर, नईमच्या भुवयांवर येऊन बसायचा.

नईमचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा हलका हात नईमकडे आला होता, म्हणून मी टिकले. कॉम्प्युटरचा पेटारा उन्हाळ्यात तापतो म्हणून त्यानं त्याचं झाकण एकदा काढलं ते परत लावलंच नाही. त्यामुळे दुकानात कोण आलं, काय बोललं, ते मला सगळं ऐकू यायचं.

त्या दुकानात माझा मान वाढला तो क्रिकेटच्या खेळामुळे. त्या खेळात खेळाडूंची नावं आणि चेहरे बदलता यायचे. नईमनं काय केलं, एका संघातले सगळे खेळाडू काढले आणि तिथे गावातली माणसं बसवली. कप्तान अर्थातच तो स्वतः. विकेटकीपर सायकलच्या दुकानातला रईस, जो खऱ्या मैदानात चेंडू आला की डोळे मिटायचा. आणि सलामीला धनराज. हा धनराज एसटीत कंडक्टर होता. उंच, काळासावळा, बारीक मिशीचा. त्याची गाडी रोज सिंदेवाहीहून मूल गावावरून चंद्रपूरला जायची आणि सांजेला परत यायची. ड्युटी संपली की खाकी कपड्यांतच तो दुकानात यायचा आणि आपल्याच नावाच्या खेळाडूला खेळवायचा. आऊट झाला की पडद्यातल्या धनराजला शिव्या घालायचा. दुकान हसून हसून लोळायचं.

आता या खेळांचं असं असतं, की कंपनी त्यात दर हंगामाला काही नवं आणते. नवे संघ, नवी मैदानं, जुन्या चुकांची दुरुस्ती. मोठ्या शहरांत ते घरबसल्या इंटरनेटवरून उतरवून घेत. सिंदेवाहीत टेलिफोनची तार होती आणि त्या तारेवरून इंटरनेट मुंगीच्या पावलांनी यायचं. एकदा नईमनं अख्खी दुपार ते लावून ठेवलं. सगळं संपत आलं होतं, तेवढ्यात घरात त्याच्या अम्मीनं, कमरजहाँनं, पोराला जेवायला बोलवावं म्हणून त्याच तारेवरचा दुसरा फोन उचलला. झालं, पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी नईम जेवला नाही.

मग धनराजनंच वाट काढली. "नईमभाई, नेट इथी येत नाई तर हार्डडिस्कले नेटकडे पाठव ना. माही गाडी रोजच चांद्याले जाते," तो म्हणाला. आमच्याकडची माणसं चंद्रपूरला चांदा म्हणतात. तेव्हापासून तोच रिवाज पडला. नईम मला पेटाऱ्यातून काढायचा, फलालीनच्या तुकड्यात गुंडाळायचा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधायचा आणि धनराज मला आपल्या पत्र्याच्या पेटीत तिकिटांच्या बाजूला ठेवायचा. चांद्याच्या स्टँडसमोर एक नेटवाला होता. त्यानं हळूहळू तुकड्या-तुकड्यांनी उतरवून ठेवलेलं तो माझ्यावर भरून द्यायचा. तेवढ्यात गाडीचे ड्रायव्हर बापूराव हॉर्न वाजवायला लागायचे. इकडे नईमच्या दुकानावर पाटी लागायची, 'हार्डडिस्क चांद्याला गेली आहे'. घरचं माणूस परगावी गेलंय असं समजून लोक ती वाचायचे आणि मुकाट्यानं परत फिरायचे. मला तो मान फार आवडायचा, का खोटं बोलू?

असं नवं खेळात टाकलं की जुनी नावं मात्र सगळी पुसली जायची. मग धनराज बाकावर बसून गावाचा संघ पुन्हा लिहायचा. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत. स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी.

ती शेवटची खेप भादव्यातली. सकाळी पेटीत ठेवतानाच त्याचा हात मला गरम लागला. चांद्याला नेटवाल्याकडे तो भिंतीला टेकून बसला होता. सगळे तुकडे भरून झाले, एकच राहिला. बापूरावांनी हॉर्न दिला, गाडीची वेळ झाली होती, आणि वेळेला धनराज पक्का. त्यानं मला तसंच उचललं.

परतताना मूलच्या अलीकडच्या जंगलात रस्त्यावर रानगवे उभे होते. बापूरावांनी इंजिन बंद केलं. गाडीत कुणी बोलेना. बाहेर पानांवरून पाणी गळत होतं आणि आत पत्र्याची पेटी एकसारखी थडथडत होती. इंजिन तर बंद होतं. पेटी धनराजच्या मांडीवर होती आणि तो थंडीनं कापत होता. आतमध्ये मी त्या थडथडण्यानं सुई घट्ट धरून बसले होते. मित्रांनो, एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

स्टँडवर त्यानं मला नईमच्या हातात दिलं. "शेवटचा भाग राह्यला, नईमभाई. पुढच्या खेपेले आणतो. तवर हे टाकजो नको," एवढं म्हणून तो गेला. हिवताप डोक्यात चढला होता. आठवडा संपायच्या आत धनराज गेला.

मातीहून परत आल्यावर नईमनं दुकान उघडलं आणि मला जोडलं. खरं तर टाकू नको असं धनराज बजावून गेला होता. पण त्यानं तापात कापत कापत आणलेलं फडक्यात तसंच पडून राहावं, हे नईमला सहन होईना. त्यानं ते टाकायला सुरुवात केली. मध्येच ते अडलं. एक भाग मिळत नाही, थांबायचं की पुढे जायचं, असं पडद्यावर आलं. नईमनं डोळे पुसले आणि पुढे जायचं बटण दाबलं.

खेळ उघडला. मैदान तेच होतं, हिरवंगार, दुपारचं लख्ख ऊन पडलेलं. पण प्रेक्षकांची गॅलरी रिकामी होती. हजारो खुर्च्या, आणि एकही माणूस नाही. सारखी बडबड करणारा समालोचक गप्प होता. समोरच्या संघातल्या खेळाडूंना चेहरेच नव्हते, गळ्यावर नुसता कातडीच्या रंगाचा गोळा. फक्त सिंदेवाहीचा संघ जसाच्या तसा राहिला होता. नावं पुसण्याचं काम त्या न आलेल्या तुकड्यात होतं. आणि सलामीला, बॅट टेकवून, धनराज उभा होता.

नईमनं हात मागे घेतला. कुणी खेळवत नसलं की त्या खेळात कॉम्प्युटर स्वतःशीच खेळतो. बिनचेहऱ्याचा गोलंदाज धावत आला. धनराजनं चेंडू तटवला. टक. त्या एवढ्या मोठ्या मैदानात तेवढाच आवाज झाला.

पहिले काही दिवस लोक मुद्दाम बघायला आले. मग रईसनं बोलिंग करून पाहिली. दुसऱ्यांनी करून पाहिली. धनराज आऊट होईना. पूर्वी तो व्हायचा, चांगला दोन-चार चेंडूंत व्हायचा. आता सगळे व्हायचे, अगदी कप्तानसुद्धा. आऊट झालेला माणूस जागच्या जागी नाहीसा व्हायचा आणि दुसरा उगवायचा. धनराज मात्र त्या उन्हात तसाच. एके दिवशी रईस खुर्चीवरून उठला तो भिंतीपर्यंत मागे सरकला. "यार नईम, हे बरं नाई दिसून राह्यलं. नवीन टाक नाई तर दुकान बंद कर," म्हणाला. त्यानंतर तो आला नाही. हळूहळू कुणीच येईना. शेजारचे लोक दुकानासमोरून जाताना पलीकडच्या कडेनं जायला लागले.

आली ती आशाबाई, धनराजची आई. बापूरावांच्या गाडीच्या वाटेवर तिचं गाव. तिथे तिची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, होती. गाडीत कुणीतरी बोललेलं तिच्या कानावर गेलं असावं. बाजाराच्या दिवशी वांग्यांची पिशवी घेऊन ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माहा पोरगा इथी खेळते म्हणतात. दाखव बरं, बाबू."

 नईमनं बाक पुसून दिला, खेळ लावला. ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "धनराजच हाये. डावा खांदा खाली करून उभा राह्यला, बघ. पेटी उचलू उचलू तो खांदा उतरला होता त्याचा."

मित्रांनो, मी माझ्यातलं सगळं तपासून पाहिलं. खेळाडूचा खांदा उतरलेला आहे असं माझ्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण ती म्हणाल्यावर नईमनंही पाहिलं, आणि खांदा उतरलेलाच होता.

दर बाजाराला ती यायला लागली. बाकावर बसून त्याच्याशी बोलायची. धान निसवलं, लोंब्या आल्या, गाय व्याली, तुह्या ड्रायव्हरनं तुले याद केलं. एका बाजाराला ती बसलेली असतानाच वीज गेली. पडदा काळा झाला. नईमकडे बॅटरीचा एक छोटा डबा होता, त्यावर पडदा चालत नसे, पण मी थोडा वेळ फिरत राहायचे. त्या काळोख्या दुकानात आवाज आला, टक. मग थोड्या वेळानं पुन्हा, टक.

"अंधारातबी खेळूनच राह्यला," आशाबाई हळूच म्हणाली.

आता मी तुमच्यापासून लपवत नाही. तो आवाज माझा होता. कोंड्यानं आणि हादऱ्यांनी माझी सुई बिघडली होती, ती मधूनच आपटायची. जुन्या हार्डडिस्कचं मरण असंच टकटक करत येतं. पण बॅटरी संपली, मी फिरायची थांबले, माझ्या चकत्या गार पडल्या, तरी आणखी दोनदा तो आवाज आला. तो माझा नव्हता. नईम दार उघडायला धावला. आशाबाई जागची हलली नाही.

दिवे आल्यावर तिनं विचारलं, "बाबू, तिथी सांज काऊन होत नाई?"

"मावशी, सांजचं मैदान, रातचे लाइट, हे सगळं त्या शेवटच्या भागात होतं. तो आलाच नाई," नईम म्हणाला.

"मंग माणसंबी त्यातच असतीन. टाळ्या वाजवणारे."

"हो, मावशी."

ती उठली. वांग्यांतली निम्मी नईमच्या अम्मीसाठी ठेवून निघून गेली आणि पुढचे दोन-तीन बाजार फिरकलीच नाही.

मध्यंतरी बापूरावांनी मला स्वतःच्या डब्याच्या पिशवीतून चांद्याला नेलं आणि तो राहिलेला तुकडा भरून आणला. नेटवाल्यानं माझी टकटक ऐकली आणि मान हलवली. ही आता काही दिवसांची सोबती आहे, घ्यायचं ते उतरवून घ्या, असा निरोप त्यानं दिला. नईम रोज तो तुकडा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. टाकावं तर धनराज पुसला जाणार. न टाकावं तर दुकान बसलेलं आणि मी आज ना उद्या मरणार, म्हणजे धनराज माझ्याबरोबर जाणारच. शेवटी त्यानं ठरवलं, आशाबाईला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

धान कापणी झाल्यावर ती आली. नईमनं सगळं खरं खरं सांगितलं. "मावशी, नवीन टाकलं तर नाव जाते. पण मी परत लिहून देतो ना. तेच नाव, तोच चेहरा."

"नाव लिहिशीन, बाबू. पण तो नाई येणार," ती म्हणाली. "मी बांधीत काम करतो, सांज झाली का घरी येतो, चूल पेटवतो. घास तोंडात घेतला का मनात येते, तो तिथी उन्हात उभाच हाये. ना पाणी, ना कोणी बोलणारं. सांग बरं, मले जेवण जाईन काय?" तिनं पदरानं नाक पुसलं. "टाक तुहं नवीन. पण खेळता खेळता पुसजो नको त्याले. अगोदर त्याचा खेळ संपू दे. अन् माणसं बोलाव. एवढा खेळला, कोणी टाळी नाई वाजवली."

नईम उठला आणि ज्यांची ज्यांची नावं त्या संघात होती त्यांना गोळा करून आणलं. रईस आला, दाराशी उभा राहिला, मग आत आला. बापूराव गाडी उभी करून आले. कमरजहाँ मागच्या दारातून येऊन आशाबाईच्या शेजारी बसली. सगळ्यांनी पाळीपाळीनं बोलिंग केली. धनराज प्रत्येक चेंडू तटवत होता आणि प्रत्येक चेंडूला ते सगळे टाळ्या वाजवत होते. रडत होते आणि वाजवत होते. तो आऊट मात्र होईना.

"सरक," आशाबाई रईसला म्हणाली. "कोणतं बटण दाबा लागते?"

नईमनं तिला सगळ्यांत लांब बटण दाखवलं. तिचं बोट धानाच्या पात्यांनी चिरलेलं होतं. तिनं ते बटणावर ठेवलं आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "चाल बेटा. सांज झाली. घरी चाल."

तिनं बटण दाबलं. बिनचेहऱ्याचा गोलंदाज धावला. धनराजनं बॅट उचललीच नाही. मधला दांडा उडाला.

तो इतरांसारखा नाहीसा झाला नाही. त्यानं बॅट काखेत घेतली, पेटी घेतात तशी, आणि चालायला लागला. त्या रिकाम्या मैदानातून पार कडेपर्यंत चालत गेला आणि पडद्याबाहेर गेला.  मग बापूराव हुंदका आवरत म्हणाले, "येळेवर निंगला पोरगा."

आशाबाई उठली. "टाक आता," म्हणाली आणि मागे वळून न बघता स्टँडकडे गेली.

नईमनं नवं टाकलं. गॅलरी भरली, समालोचक बोलायला लागला, मैदानावर संध्याकाळ झाली आणि दिवे लागले. दुकान पुन्हा चालायला लागलं. काही आठवड्यांनी माझी सुई कायमची टेकली आणि माझ्या जागी नवी आली. नईमनं मला भंगारात दिलं नाही. वडिलांच्या बंद घड्याळांच्या खणात मी पडून आहे.

मित्रांनो, हार्डडिस्कचं एक गुपित तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही आमच्यावरचं काही पुसता तेव्हा ते खरं पुसलं जात नाही. नुसती पाटी काढली जाते, सामान आतच राहतं. त्याच्यावर दुसरं काही येऊन पडलं तरी कडेला कुठेतरी खूण उरतेच. माझ्यात रईसचं नाव आहे, अर्धवट. नईमचं आहे. त्या संघातल्या प्रत्येकाचं काही ना काही माझ्या कानाकोपऱ्यात अजून आहे.

धनराजचं नाही. मी बंद पडायच्या आधी सगळं धुंडाळलं. त्याचं एक अक्षरही मला सापडलं नाही.

तेव्हा माझं एवढं ऐका. तुमच्या यंत्रांत तुम्ही आपली माणसं ठेवता, त्यांचे चेहरे ठेवता, आवाज ठेवता. ठेवा. पण एखाद्या दिवशी त्यांच्याकडे नीट बघा आणि ती दमली आहेत का ते विचारा. दमली असतील तर त्यांना एकटं पाठवू नका. कुणाची तरी आई लागते न्यायला.